मोठा कॅमेरा कपाटात, छोटा खिशात: हौशी माणसाचं भागतं का?

कवडसा
मंडळी, फोटोंची हौस जुनी आहे, पण हल्ली तिचं ओझं व्हायला लागलंय. डीएसएलआर, दोन झूम, बॅग, ट्रायपॉड असा सगळा संसार आहे. बाहेर पडताना बॅगेकडे बघते, "राहू दे आज" म्हणते आणि तशीच निघते. मग वाटेत कुठेतरी जिन्याच्या कठड्याची तिरकी सावली भिंतीवर पडलेली दिसते आणि हात रिकामे. फोन असतो, पण त्यावर फोटो काढण्यात मजाच येत नाही.

माझे विषय म्हणजे रस्त्यावरची माणसं, सावल्या, पाऊस, घरातली पोरं. पक्षी क्वचित. एकाच लेन्सचा, झूम नसलेला छोटा कॅमेरा घ्यावा असं मनात घोळतंय. वापरणाऱ्यांनी सांगा, हातचं नेमकं काय जातं?

निवांत
उजेड बरा असेल तर फोनचा फोटो कुठला आणि कॅमेऱ्याचा कुठला, ओळखून दाखवा. उगाच नवीन लचांड कशाला?

साडेतीनशहाणा
निवांतराव, ओळखता येतो की नाही हा मुद्दाच नाही. फोनवर मजा येत नाही असं कवडसाताईंनी स्वतःच लिहिलंय. हौसेतून मजा वजा केल्यावर उरतं काय?

ताई, मी रिको जीआर ३ वापरतो, एकाच पक्क्या रुंद लेन्सचा खिशात मावणारा कॅमेरा. बॅटरी आणि कार्डासकट २५७ ग्रॅम. फुल फ्रेम (म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा मोठा असलेल्या) बॉडीला २४-७० एफ/२.८ झूम लावली की दीड किलो कुठेच गेला नाही. जीआरचा सेन्सर फुल फ्रेमहून लहान, एपीएस-सी, म्हणजे बहुतेक हौशी डीएसएलआरमध्ये असतो तेवढाच. त्यामुळे चित्राच्या दर्जाची काळजी करू नका. आणि हलक्या कॅमेऱ्याचं वेड आजचं नाही. ऑस्कर बार्नाक या जर्मन यंत्रतज्ज्ञाला दमा होता, काचेच्या प्लेटांचा जडशीळ कॅमेरा घेऊन हिंडणं त्याला झेपेना, म्हणून त्याने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा चिमुकला कॅमेरा बनवला. तोच पुढे १९२५ साली लायका म्हणून बाजारात आला.

हातचं काय जातं? झूम जातो. २८ मिमीची (फुल फ्रेमच्या मापात; आकडा लहान तितकं चौकटीत जास्त मावतं) नजर बसेपर्यंत चिडचिड होते, सगळं लांब आणि बारीक दिसतं. मग पाय आपोआप दोन पावलं पुढे पडायला लागतात. आता कॅमेरा बाहेर काढायच्या आधीच चौकटीत काय बसेल याचा अंदाज येतो. मला तरी खरी गंमत इथेच वाटते. क्रॉप करता येतं, पण ५० मिमीइतकं कापलं की २४ पैकी सातेक मेगापिक्सेलच उरतात. पक्ष्यांचं नावच काढू नका.

मिळतं काय, तर माणसं बिचकत नाहीत. मोठी लेन्स रोखली की समोरचा एकतर पोझ देतो नाहीतर तोंड फिरवतो. परवा पावसात आडोशाला उभा होतो. शेजारचे आजोबा उलटी झालेली छत्री गुडघ्यावर दाबून एकेक काडी सरळ करत होते, जीभ दाताखाली धरून. मी हातभर अंतरावरून फोटो काढला, त्यांचं लक्ष छत्रीतच. शटर लेन्सच्या आतच असल्यामुळे आवाज जेमतेम येतो. (चोरून काढा असं म्हणत नाहीये. नंतर मी त्यांना स्क्रीनवर दाखवला. कुणी नको म्हणालं तर तिथल्या तिथे पुसतो.)

रस्त्यासाठी एक युक्ती: फोकस २ मीटरवर बांधून ठेवायचा आणि ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक; एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) एफ/८. एवढ्या रुंद लेन्सवर साधारण १ मीटरपासून पार मागच्या इमारतीपर्यंत चालण्याइतकं स्पष्ट येतं. कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, बटण दाबलं की फोटो.

धुळीचं मात्र सांभाळा. लेन्स निघत नाही, म्हणजे आत कण शिरला तर घरी साफ करायची सोय नाही. खिशातला कापसाचा भुगा याच्या वाईटावर. मी पातळ कापडी पिशवीत घालून मगच खिशात ठेवतो. वापरलेला घेणार असाल तर एफ/१६ वर कोऱ्या आभाळाचा फोटो काढून बघा. एफ/२.८ वर लपलेले काळे ठिपके तिथे उघडे पडतात. जास्तीची बॅटरीही हवीच, एका चार्जवर कंपनीच्याच आकड्याने २०० फोटो.

कवडसा
छत्रीवाले आजोबा डोळ्यासमोर आले! संध्याकाळी घरात, ट्यूबलाइटखाली, धावणारी पोरं जमतील का?

साडेतीनशहाणा
जमतील, पण स्टॅबिलायझेशनच्या भरवशावर राहू नका. त्याने आपला हात हललेला झाकला जातो, पोरगं हललेलं नाही. शटर १/२५० सेकंद धरा, एफ/२.८, आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) ३२००-६४०० ला जाऊ द्या. दाणे दिसतील. दिसू देत, कृष्णधवल केलं की उलट छान वाटतात. ऑटोफोकस मात्र अंधारात चाचपडतो, हे कबूल. तिथे तुमचा डीएसएलआर बाजी मारेल.

चष्मिश
या गुणगानात एक गोष्ट राहिली: जीआर ३ ला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही. चाळिशी लागलेल्यांनी आधी हा विचार करावा. फोटो काढताना लांबचं बघायचं आणि जवळचा स्क्रीनही, मग चष्मा वर, चष्मा खाली. त्यात भर दुपारी स्क्रीनवर आपलंच थोबाड दिसतं. व्ह्यूफाइंडरला डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायची डायॉप्टरची चकती असते, ती एकदा जुळवली की बिनचष्म्याने काम होतं. मी म्हणून मायक्रो फोर थर्ड्सची (एपीएस-सीहूनही लहान सेन्सरचा प्रकार) व्ह्यूफाइंडरवाली छोटी बॉडी घेतली, वर पॅनासॉनिकची चपटी २० मिमी एफ/१.७. खिशात मावत नाही, पण झोळीत जाणवतही नाही. सेन्सर लहान, त्यामुळे पार्श्वभूमी फुल फ्रेमसारखी विरघळत नाही. मला सावल्यांमध्ये ती विरघळायला नकोच असते.

कवडसा
अरे देवा, चाळिशी मलाही लागलीये. हे डोक्यातच आलं नव्हतं. आता दोन्हीकडे मन ओढतंय.

साडेतीनशहाणा
चष्मिश यांचा मुद्दा रास्त आहे. घेण्याआधी फुकटात करून बघा. तुमच्या डीएसएलआरला १८-५५ झूम असेल ना? १८ वर ठेवून झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावा, एपीएस-सीवर ते फुल फ्रेमच्या मापात जवळपास २८ मिमीच होतं. व्ह्यूफाइंडरला डोळा न लावता फक्त मागच्या स्क्रीनवर बघून आठवडाभर काढा. चष्म्याचा वैताग कितपत होतो ते तेवढ्यात कळेल. चिकटपट्टी कागदी घ्या, प्लास्टिकचीचा गोंद रबरावरून निघत नाही.

कवडसा
कागदी आहे घरात. पोरांनी संपवली नसेल तर आजच लावते.