परदेशी सायकलचा ब्रँड आपल्याकडे का मिळत नाही? खरंच बंदी असते का?

चिंचवडचा_पेडलवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात आहे म्हणून इथे टाकतोय. मी दोन वर्षं कामासाठी जर्मनीत श्टुटगार्टला होतो, तिथे एका जर्मन ब्रँडची फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्ही चाकांना धक्के झेलणारी) माउंटन बाईक घेतली होती आणि प्रत्येक शनिवार-रविवार डोंगरात जायचो, आयुष्यात एवढा आनंद दुसऱ्या कुठल्या वस्तूने दिला नाही मला. परत येताना सामान खूप होतं म्हणून ती तिथेच विकली, वाटलं पुण्यात काय, सायकलींचं शहर आहे, मिळेल तीच. आता सहा महिने झाले, कुठेच नाही. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की भारतात आम्ही पाठवत नाही, बस एवढंच एक वाक्य, कारण काही नाही. पैसे द्यायला माणूस तयार आहे आणि कंपनी घेत नाही हे मला कळतच नाहीये.

इथे तीन दुकानांत विचारलं. एक म्हणाला ड्युटी जास्त, दुसरा म्हणाला डीलर नाही आणि तिसऱ्याने तर ठामपणे सांगितलं की सरकारने बंदी घातलीय. नक्की काय भानगड आहे? आणि हे फक्त भारताबाबतच होतं का बाकी देशांतही?

वाट_कच्ची

दादा, बंदीबिंदी काही नाही. आणि हे फक्त आपल्याकडेच नाही, अमेरिकेत सुद्धा वर्षानुवर्षं झालंय. मी कॅलिफोर्नियात बरीच वर्षं आहे आणि तुमच्यासारखंच मी एकेकाळी जर्मन माउंटन बाईक्सचे फोटो बघत बसायचो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या त्या बाईकचं मागचं चाक आठवा. चेनस्टेवर, म्हणजे चेनच्या बाजूने मागे जाणाऱ्या खालच्या दांड्यावर, अ‍ॅक्सलच्या म्हणजे चाकाच्या आसाच्या थोडं पुढे एक सांधा म्हणजे पिव्हट असेल. त्या रचनेला हॉर्स्ट लिंक म्हणतात, हॉर्स्ट लाइटनर नावाच्या माणसाने काढलेली. फायदा असा की ब्रेक दाबला तरी मागचं सस्पेन्शन आखडत नाही, खडकांवर काम करत राहतं. याचं पेटंट अमेरिकेत होतं आणि ते 1998 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने विकत घेतलं. आता मुद्दा बघा, पेटंट ज्या देशात दिलेलं असतं त्याच देशात चालतं. युरोपातल्या कंपन्या युरोपात त्या रचनेच्या बाईक बिनधास्त बनवत होत्या, विकत होत्या. पण तीच बाईक अमेरिकेत आणून विकली की पेटंटचा भंग, मग ती बनवली कुठेही असो, कारण पेटंट नुसतं बनवण्यावर नसतं, आयात आणि विक्री पण त्यात येते. मग उपाय दोनच, एक तर पैसे देऊन लायसन्स घ्या (कॅनडाच्या नॉर्कोने घेतलं होतं) नाहीतर अमेरिकेसाठी वेगळी फ्रेम डिझाइन करा. कोना कंपनीने तो सांधा अ‍ॅक्सलच्या वर सीटस्टेवर, म्हणजे सीटकडून मागच्या चाकाकडे येणाऱ्या वरच्या दांड्यावर ठेवला, ट्रेक कंपनीने बरोब्बर अ‍ॅक्सलच्या मध्यावर आणला. बघायला गेलं तर दोन-तीन सेंटीमीटरचा फरक, पण तेवढ्यावरून कुठली सायकल कुठल्या देशात जाणार ते ठरत होतं. एका मार्केटसाठी नवीन फ्रेमचे साचे आणि टेस्टिंग परवडत नसेल तर कंपनी सरळ तो देश सोडून देते.

पेटंट अर्जापासून 20 वर्षं टिकतं, हे साधारण 2013 च्या सुमारास संपलं आणि त्यानंतर तो सांधा सगळ्यांसाठी मोकळा झाला. जर्मनीतल्या कोब्लेन्झची कॅनियन ही सायकल कंपनी अमेरिकेत अधिकृतपणे आली 2017 मध्ये. आता एकट्या पेटंटमुळेच ती थांबली होती असं मी म्हणणार नाही. ती कंपनी दुकानातून विकत नाही, थेट ग्राहकाच्या घरी खोका पाठवते, त्यामुळे दुसऱ्या देशात जायचं म्हणजे तिथे गोडाउन, सर्व्हिसची माणसं, परत आलेल्या सायकलींचा बंदोबस्त हे सगळं स्वतः उभं करावं लागतं. 2016 मध्ये अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांचा पैसा आला आणि पुढच्या वर्षी ते जमलं.

अजून एक, इथे अमेरिकेत सायकलसाठी केंद्र सरकारचे सुरक्षेचे नियम आहेत, रिफ्लेक्टर कुठे हवेत, ब्रेक कसे हवेत इथपर्यंत. आणि काही झालं तर ग्राहक कोर्टात जातो, म्हणून त्या जबाबदारीचा विमा काढावा लागतो आणि तो स्वस्त नसतो. लहान युरोपियन कंपनी हे सगळं बघूनच मागे फिरते.

गियर_आणि_ग्रीस

वरचं उत्तर छान आहे, मी आपल्याकडचं सांगतो. माझं पुण्यात छोटं दुकान आहे, विक्री कमी आणि रिपेअर जास्त.

आधी ड्युटी. 2023 च्या बजेटमध्ये सायकलवरची आयात ड्युटी 30 वरून 35 टक्के केली. म्हणजे एक लाखाची सायकल बंदरावर उतरली की 35 हजार तिथेच आणि मग ड्युटी धरून जी किंमत होते त्यावर जीएसटी. तो आधी 12 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 5 झाला ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. म्हणजे आता साधारण 1 लाख 41 हजार 750 आणि यात अजून इंपोर्टर आणि दुकानदार दोघांनी एक रुपया पण कमावलेला नाही. लुधियानाच्या कारखान्यांना संरक्षण म्हणून ही ड्युटी आहे, तिथे हजारो घरं सायकलीच्या पार्ट्सवर चालतात त्यामुळे मी तिला सरसकट वाईट म्हणणार नाही. पण लुधियानात साध्या काळ्या सायकली जशा बनतात तशा दीड-दोन लाखांच्या ट्रेल बाईक बनत नाहीत, मग ती ड्युटी नक्की कुणाला वाचवते हा प्रश्न मला पडतो.

दुसरं म्हणजे रिफ्लेक्टर. 2020 चा क्वालिटी कंट्रोल ऑर्डर आहे, सायकलीवरचे रिफ्लेक्टर बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरो प्रमाणित पाहिजेत. परदेशी कंपनीचे स्वतःचे रिफ्लेक्टर कितीही चांगले असले तरी आपला मार्क नसेल तर चालत नाहीत. मोठी कंपनी करते सगळं, वर्षाला शंभर सायकली विकायच्या असतील तर कोण ती कागदपत्रं करत बसणार.

पण खरं सांगू का, ड्युटीपेक्षा जास्त नडतं ते साइझचं गणित. एक मॉडेल ठेवायचं तर स्मॉल, मीडियम, लार्ज, एक्स्ट्रा लार्ज चारही ठेवावे लागतात, दोन रंग म्हटले तर आठ झाल्या, त्यातल्या मीडियम जातात आणि बाकीच्या वर्षभर धूळ खातात, पुढच्या वर्षी नवीन मॉडेल आलं की किंमत पाडावी लागते. पैसा अडकतो हो. म्हणून ज्या ब्रँडच्या मागे मोठा इंपोर्टर उभा आहे तेच टिकतात. जायंट आपल्याकडे आहे ती पुण्याच्याच स्टारकेन स्पोर्ट्समुळे.

आणि पार्ट्स. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा बाहेरून आणलेली सायकल घेऊन आला, मागच्या डिरेलरचा (गियर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो भाग फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकून तुटलेला. एवढासा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. पण तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि त्या ब्रँडचा इथे कुणीच नाही, पाच आठवडे सायकल माझ्याकडे टांगून होती, तो दर शनिवारी येऊन बघून जायचा. मला फार वाईट वाटायचं, मेकॅनिक असून हातात काही नव्हतं.

चिंचवडचा_पेडलवाला

बापरे, दोन-तीन सेंटीमीटरच्या सांध्यासाठी अख्खा देश बंद, हे मी स्वप्नात पण विचार केला नव्हता. आणि दादा तुमचा हँगरचा किस्सा वाचून पोटात गोळा आला. एक विचारू? आपण जर्मन जर्मन म्हणतो पण फ्रेम तर तिथे बनत नाहीत ना, मग ड्युटी कशावर ठरते?

वाट_कच्ची

बरोबर पकडलंत. कस्टमवाल्यांना ब्रँडशी देणंघेणं नसतं, माल बनला कुठे ते बघतात. बहुतेक मोठ्या ब्रँडच्या फ्रेम तैवान, चीन, व्हिएतनाम, कंबोडियात बनतात. युरोपने चिनी सायकलींवर 1993 पासून अँटी डंपिंग ड्युटी (फार स्वस्तात ओतल्या जाणाऱ्या मालावरची जादा ड्युटी) लावलीय, 2005 पासून ती 48.5 टक्के आहे. 2013 मध्ये श्रीलंका, इंडोनेशिया, मलेशिया, ट्युनिशियातून येणाऱ्या मालावर पण लावली कारण चिनी माल तिकडून वळून येतोय असं त्यांना दिसलं. म्हणून चीनमध्ये घरोघरी माहीत असलेली नावं युरोपच्या दुकानात सहसा दिसत नाहीत. अमेरिकेत साध्या गियरच्या सायकलीवर 11 टक्के होते, त्यावर चिनी मालाला 2018 मध्ये 10 टक्के वाढीव लागले आणि 2019 मध्ये ते 25 झाले. मग कंपन्यांनी कारखाने हलवले. आज एखादं मॉडेल एका देशात आहे आणि शेजारच्या देशात नाही, तर आधी ते कुठे बनतंय ते बघायचं.

सांगलीचे_काका

नावाचा पण एक मुद्दा आहे, तो कुणी लिहिला नाही. माझ्या वडिलांकडे हर्क्युलस होती, कृष्णाकाठच्या रस्त्यांवर त्यांनी ती तीस वर्षं चालवली, मला पुढच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडायचे. मागच्या वर्षी माझ्या मुलीने न्युरेंबर्गहून फोटो पाठवला, बाबा इथे पण हर्क्युलस! मला वाटलं आपलीच तिकडे गेली. शोधलं तर कळलं की ती वेगळीच कंपनी, 1886 मध्ये न्युरेंबर्गलाच सुरू झालेली. इंग्लंडची हर्क्युलस बर्मिंगहॅमची, ती 1910 ची आणि आपली आली त्या इंग्लंडच्या बाजूने. 1949 मध्ये मद्रासला मुरुगप्पा घराणं आणि ब्रिटनची ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स यांनी मिळून टीआय सायकल्स काढली, तिथून हर्क्युलस आणि बीएसए ही नावं भारतात रुजली.

आता ट्रेडमार्क पण पेटंटसारखाच देशापुरता असतो. जर्मन हर्क्युलसला उद्या भारतात यायचं म्हटलं तर त्या नावाने येता येणार नाही, नाव आधीच दुसऱ्याचं आहे. नाव बदलून यायचं म्हणजे इतक्या वर्षांची ओळख घरी ठेवून यायचं. कोण येईल? मुलीला हे सगळं फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, तरी पण बाबा मी त्या दुकानासमोरून रोज जाते, आजोबांची आठवण येते.

ओसाकाची_सायकल

इलेक्ट्रिक असेल तर अजून अवघड. जपानमध्ये मोटारने किती जोर द्यायचा तेही कायद्यात आहे, ताशी 10 किमीपर्यंत पायाच्या जोराच्या जास्तीत जास्त दुप्पट, मग कमी कमी होत 24 ला शून्य. युरोपात मोटार 250 वॅटपर्यंत आणि तिची मदत ताशी 25 किमीपर्यंत, अमेरिकेत मोटार 750 वॅटपर्यंत. म्हणजे एकाच मोटारीचं प्रोग्रॅमिंग देशागणिक वेगळं, नाहीतर ती सायकल राहत नाही, मोपेड होते आणि नंबरप्लेट लागते.

चिंचवडचा_पेडलवाला

काका, तुमची पोस्ट दोनदा वाचली. सगळ्यांचे मनापासून आभार. श्टुटगार्टचा मित्र डिसेंबरमध्ये येतोय, त्याच्याकडून माझ्या साइझची मागवायचा विचार पक्का होत होता, आता हँगरचं वाचून थांबलोय. काय करू?

गियर_आणि_ग्रीस

मागवायचीच असेल तर त्याला आत्ताच सांगा, त्याच मॉडेलचे तीन हँगर, पिव्हटच्या बेअरिंगचा एक पूर्ण सेट आणि मागच्या शॉकचे सील घेऊन ठेव म्हणावं, सगळं मिळून वजन अर्धा किलो पण होणार नाही. कस्टमला किती भरावं लागेल ते त्याने निघायच्या आधी विचारून घ्यावं, विमानतळावर आल्यावर नाही. आणि एक महत्त्वाचं, तिकडच्या सायकलीला पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. दोन वर्षांत तुमच्या हाताला तिकडची सवय लागली असेल पण घरातलं दुसरं कुणी चालवणार असेल तर आधी माझ्याकडे आणा, ब्रेकच्या होज म्हणजे नळ्या अदलाबदल करून देतो. सिंहगडाच्या उतारावर चुकीचा ब्रेक दाबलेली माणसं मी बघितली आहेत.