पतंग भाजून नाही, ऐकून पडतात
एकांनी लिहिलंय की मुंबईतल्या आरे कॉलनीच्या दिव्यांखाली पतंग (रात्री उडणारे किडे) उडता उडता दगडासारखे खाली येतात ते बल्बला भाजून. हल्लीचे एलईडी दिवे कसले भाजतायत! पुढच्या वेळी दिव्याजवळ किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवून बघा. काही पतंग चटकन वळतील, काही पंख मिटून थेट गवतात. किल्ल्यांच्या आवाजात आपल्या कानांपलीकडचे उंच ध्वनीही असतात आणि वटवाघळाची हाक त्याच पट्ट्यातली. अंधारात ते हाका मारतं आणि प्रतिध्वनी ऐकून पतंग टिपतं.

बऱ्याच पतंगांचे कान डोक्यावर नसतात, छातीच्या मागच्या भागात पंखांजवळ असतात. नॉक्ट्युइड या पतंगांच्या कुळात तर एका कानात ऐकणाऱ्या पेशी जेमतेम २! केनेथ रोडर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५०-६०च्या दशकांत दाखवलं की तेवढ्यावरही भागतं. हाक लांबची असेल तर पतंग तोंड फिरवून सटकतो, वटवाघूळ अगदी जवळ आलं की वेडीवाकडी गिरकी घेत खाली कोसळतो. त्याला हाक एकदाच पोचायची असते. वटवाघळाला मात्र ती जाऊन परत यावी लागते, त्यामुळे तोवर ती पार क्षीण होते. म्हणून पतंगालाच आधी सुगावा लागतो.

ॲटलस पतंगाला कानच नाहीत. त्याच्या पुढच्या पंखांची दुमडलेली टोकं जोरदार प्रतिध्वनी देतात, म्हणजे झडप बसलीच तर धडाऐवजी टोकावर बसायची शक्यता जास्त.

आणि हो, मुंबईत झाडांना दिवसा लटकलेली ती मोठी वटवाघळं यात धरू नका, ती फळं खाणारी.