मदत हवी आहे: स्ट्यूमधलं मीठ कमी करायचंय, चव नाही

बाबांना डॉक्टरांनी दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत सोडियम सांगितलंय. म्हणजे सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ, जेमतेम एक छोटा चमचा. आणि आजीपासून चालत आलेल्या आमच्या मटण स्ट्यूत सहा जणांना दोन चमचे मीठ, वर दोन स्टॉक क्यूब आणि सोया सॉस! मीठ निदान दिसतं तरी, छुपे चोर हे शेवटचे दोघे. पाकिटावरचं लेबल आजवर घरात कोणी वाचलंच नव्हतं.

क्यूब बंद करून हाडं घरीच उकळली. कांदा-गाजर चांगलं लालसर परतलं, टोमॅटो प्युरी तेल सुटेपर्यंत भाजली, उतरवताना लिंबू पिळलं. वास अगदी तोच, पण घास घेतला की मध्येच काहीतरी रिकामं लागतं. बाबा काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

वाळवलेले मशरूम घालून कोणी बघितलंय का? किती, आणि केव्हा घालायचे? मीठ अगदी शेवटी घातलं तर थोडक्यात भागतं, हा कोणाचा अनुभव आहे का? पोटॅशियमवालं मीठ मात्र सुचवू नका, त्यांच्या गोळ्यांसोबत ते चालत नाही.