वेशीवरचे शेजारी : पुण्याच्या कडेकडेने तुम्ही काय पाहिलंत?

५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने हा धागा काढतेय. ताडोबाचे वाघ आणि भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो) यांच्याबद्दल भरपूर लिहून येतं, यायलाही हवं. इथे मात्र शहराच्या कडेचंच लिहा. पीएमपीचा शेवटचा थांबा, अर्धवट इमारतींमागे अजून उभी असलेली ज्वारी, टेकडीच्या पायथ्याला ओतलेला राडारोडा, तिथलं.

सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी, म्हणून दाखवलेल्या जमिनीत कोण राहतं हे कुठल्याच कागदावर नसतं. तिथे प्लॉटिंग पडलं की इथे काय होतं ते सांगायला कुणी उरत नाही. म्हणून जागा, महिना आणि प्राणी-पक्षी काय करत होता, एवढं तरी लिहा. घरट्याची किंवा बिळाची नेमकी जागा मात्र देऊ नका.

सुरुवात माझ्या वेताळ टेकडीपासून. पावसाच्या तोंडावर, मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, खाणीच्या बाजूला पहाटे दोन सुरांची शीळ ऐकू येते. तो नवरंग. झाडावर शोधून सापडत नाही, कारण हा बहुतेक वेळ जमिनीवर पाचोळा उलटत असतो. एकदा पायवाटेच्या अगदी कडेला दिसला. चोचीने एक पान उचलायचं, बाजूला फेकायचं, खालचा किडा टिपायचा आणि आखूड शेपटी वरखाली हलवायची. पोटाखालचा लाल रंग शेपटी हलली की दिसायचा. आठवड्याभरात चातकही येतो, थेट आफ्रिकेकडून, आणि अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात.

टेकडीवर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांची लागवड झाली आणि माथ्यावरचं गवत कमी होत गेलं. हिरवं दिसतं म्हणून लोक खूश असतात, पण गवतातले चंडोल आणि तित्तर त्या सावलीत राहू शकत नाहीत. बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा प्रस्ताव याच टेकडीच्या अंगावरून जातो, हेही नोंदवून ठेवते.

आता तुम्ही लिहा, वर आपलं टोपणनाव देऊन.

नदीकाठ

कवडीपाट. सोलापूर रस्त्याने हडपसर-मांजरी मागे टाकलं की लोणी काळभोरच्या अलीकडे डावीकडे आत नदी लागते. तिथे जुना बंधारा आहे. पुण्याचं सगळं सांडपाणी पोटात घेऊन आलेली मुळा-मुठा इथे त्या दगडांवरून सांडते. वास येतो, फेस येतो, पावसाळ्यानंतर बाभळींच्या फांद्यांना पुराच्या रेषेपर्यंत प्लास्टिकच्या पिशव्या लोंबत असतात. आणि तरी डिसेंबरात इथे सकाळी गेलात तर डोळे कुठे ठेवावेत कळत नाही. चक्रवाक जोडीजोडीने बसलेले असतात. थापट्या बदकं पाण्यावर चोच सपाट ठेवून चकरा मारतात. दगडांवर धोबी पळत असतात, तुतवार शेपटी हलवत काठाने फिरतात. नदी सुरय वरून सूर मारून चिलापी मासा उचलतो आणि राखी बगळा तासभर तसाच उभा राहतो.

नव्याने येणाऱ्यांना एक गोष्ट मी नेहमी सांगतो. पक्षी भरपूर आहेत म्हणजे नदी बरी आहे असं समजू नका. शेकाट्या, हळदीकुंकू बदक यांना घाण पाण्यातले किडे आणि अळ्या चालतात, त्यामुळे त्यांची संख्या वाढते. शेकाट्यांचे थवे वाढत गेले तर नदीचं दुखणं वाढलं असण्याची शक्यता जास्त. म्हणून नुसते आकडे मोजू नका, कोणत्या जातीचे आकडे वाढले ते बघा.

चौदावा मजला

मांजरी. आमच्या इमारतीच्या मागे उसाची दोन-तीन रानं उरली आहेत. रात्री अकराच्या सुमारास तिथून कोल्हेकुई उठते. एकाने सुरुवात केली की दुसऱ्या बाजूने उत्तर येतं आणि मग सगळ्या सोसायट्यांचे कुत्रे भुंकायला लागतात. माझी सासू सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यातली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या गॅलरीत येऊन बसल्या, आत यायलाच तयार नव्हत्या. या वर्षी एका रानात पाया खणलाय. बाकीच्या रानांतून आवाज अजून येतो.

उंबरठा

बावधन. आमच्या आवारात जुनं शिरीष आहे, त्याला साधारण तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर ढोली. तीत धनेशाने घर केलं. मादी आत जाते आणि ढोलीचं तोंड विष्ठा आणि चिखलाने लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी उभी फट ठेवते. त्यानंतर दोन महिन्यांहून जास्त काळ तिचं आणि पिल्लांचं सगळं पोट नरावर.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून फट समोर दिसते. नर आला की आधी शेजारच्या फांदीवर बसून इकडेतिकडे बघतो. मग ढोलीच्या कडेला नख्यांनी धरून शेपटीचा आधार घेतो, मान झटकतो आणि गळ्यातून वडाचं एक फळ चोचीच्या टोकाशी आणतो. आतून चोच पुढे येते, फळ घेते. पुन्हा झटका, पुन्हा फळ. एका फेरीत असं कितीतरी वेळा. मागे कधी किडा, कधी पाल. त्याची चोच उन्हाळाभर मळकी आणि पिसं विस्कटलेली.

मार्चमध्येच सोसायटीच्या बैठकीत त्या झाडाची वाळकी फांदी उतरवायचं ठरलं होतं. वृक्ष प्राधिकरणाची परवानगीही आली होती. आम्ही तिघी-चौघी अध्यक्षांना वर घेऊन आलो आणि माझ्या खिडकीत उभं केलं. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं आणि काम जूनच्या पुढे ढकललं. पिल्लं उडाल्यावर फांदी उतरली, ढोलीचा भाग तेवढा ठेवला. सोसायट्यांमध्ये राहणाऱ्यांना माझी विनंती आहे, छाटणीचं कंत्राट मार्च ते जूनमध्ये देऊच नका. याच महिन्यांत सगळ्या ढोल्या भरलेल्या असतात.

करडई

मी पुरंदरचा. दिवे घाट चढून वर आलं की सासवडच्या आजूबाजूला माळ लागतो. विमानतळाची चर्चा सुरू झाल्यापासून गाड्या घेऊन लोक येतात, हात फिरवून म्हणतात, "इथे काहीच नाही." त्यांना काय सांगावं?

पावसाळा संपला की याच माळावर भोवत्या हे शिकारी पक्षी येतात, मध्य आशियाच्या बाजूने. दिवसभर गवताच्या शेंड्यांवरून तरंगत नाकतोडे, उंदीर टिपतात. सूर्य कलला की झाडावर न जाता गवतातच जमिनीवर मुक्कामाला उतरतात. म्हणून हिवाळ्यात कुणी गवताला काडी लावली तर नुसता चारा जळत नाही, त्यांची झोपायची जागा जाते. डोंबारी चंडोल बाराही महिने असतो. सरळ वर चढतो, पंख मिटून शिट्टी घालत खाली कोसळतो आणि जमिनीला टेकायच्या आधी पुन्हा वर. धाविक, माळटिटवी यांची अंडी उघड्या खड्यांवर असतात. ट्रॅक्टरचं चाक सोडाच, पायाखाली आली तरी कळत नाही. भोरड्या ज्वारीवर पडतात तेव्हा आम्ही गोफण फिरवतो हे खरं, पण त्याच भोरड्या नाकतोडेही फस्त करतात.

आणि लांडगा. आम्ही दरवर्षी खतासाठी रानात मेंढरं बसवतो. धनगर वाघर (जाळी) लावून कोकरं आत ठेवतात, तरी एखादं जातं. एका म्हाताऱ्या मेंढपाळाने मला लांडगा ओळखायला शिकवलं. कुत्रा पळताना शेपूट वर ठेवतो, मागे वळून भुंकतो. लांडगा शेपूट खाली सोडून, मान पाठीच्या रेषेत ठेवून एका लयीत जातो, आवाज न करता. बांधावरून गेला तर तुमच्याकडे एकदा बघतो आणि चाल बदलत नाही. मेलेल्या जनावराची भरपाई कायद्याने आहे, पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत कळप पुढच्या गावाला गेलेला असतो. फिरत्या माणसाला भरपाई मिळेल अशी काही सोय झाली तर लांडग्याला विष घालायची वेळ कुणावर येणार नाही. हे मी मनापासून सांगतोय.

आता नवीन संकट मोकाट कुत्र्यांचं. कोंबड्यांचा मेलेला माल रात्री आणून ओढ्यात टाकतात, त्यावर कुत्री पोसली जातात आणि माळावर उतरतात. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालेलं आहे. असंच चाललं तर शेवटी लांडगा नावालाच राहील.

धागाकर्ती

करडई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. शेपूट आणि मानेचं जे सांगितलंत ते पक्ष्यांच्या टिपणवहीत उतरवून ठेवलंय.

हायवेच्या अलीकडे

९ डिसेंबर २०२० ला कोथरूडमध्ये गवा आला होता ते सगळ्यांना आठवत असेल. काही तास गर्दी त्याच्या मागे-पुढे धावत होती. तो धापा टाकत भिंतींना धडकत राहिला आणि पकडल्यानंतर मेला. त्यानंतर दोनच आठवड्यांत पाषाण-बावधनच्या बाजूला दुसरा गवा आला. त्या दिवशी मी तिथेच होते. पोलिसांनी रस्ता अडवलेला, वनखात्याची माणसं दोरी बांधून लोकांना लांब ठेवत होती, कुणाला पुढे सोडत नव्हती. झाडीत त्याची नुसती काळी पाठ दिसत होती. कुणी त्याच्या अंगावर गेलं नाही म्हणून तोही कुणाच्या अंगावर आला नाही, आणि जंगलाच्या दिशेने निघून गेला. याहून जवळून बघायची मला इच्छाही झाली नाही. असं काही दिसलं तर व्हिडिओ गटांवर टाकण्याआधी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. व्हिडिओ पसरला की वनरक्षकांच्या आधी गर्दी पोचते.

सिंहगड पायथा

कॅमेरेवाल्यांना एक सांगायचंय. मीही त्यांच्यातलाच आहे. स्वर्गीय नर्तक पाणवठ्यावर यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज लावणं बंद करा. विणीच्या दिवसांत नराला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरलाय. तो घरटं सोडून भांडायला येतो, तुम्हाला फोटो मिळतो आणि तेवढ्या वेळात कावळा घरट्यावर जातो. वाट बघितली तर तो तहान लागल्यावर येतोच.

ऊसपट्टा

खेड तालुका. बिबट्याबद्दल लिहू की नको असं झालं, कारण आमच्या भागात, शिरूर-जुन्नरकडे माणसं गेली आहेत. ज्यांच्या घरातलं कुणी गेलंय त्यांच्यासमोर बिबट्याचं कौतुक मला करवत नाही, आणि लांब शहरात बसून करणाऱ्यांनीही जरा जपून करावं.

पण पाहिलं ते सांगतो. तोडणी चालू असताना सरीत तीन बछडे सापडले. ऊसतोड कामगारांनी कोयते खाली ठेवले, बायका-पोरांना बैलगाडीकडे पाठवलं आणि मुकादमाने फोन केला. वनखात्याबरोबर माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर आले. बछडे तपासले आणि संध्याकाळी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये त्याच जागी ठेवले. आम्हाला सगळ्यांना लांब थांबवलं होतं. मादी अंधार पडल्यावर आली. कॅमेऱ्यात नंतर दाखवलं, तिने आधी क्रेट हुंगला, पंज्याने आडवा केला, एकेकाची मानगूट धरून नेली. पिल्लं तशीच उचलून नेली असती तर चिडलेली मादी रात्रभर त्याच रानात फिरली असती आणि सकाळी तोडणीला आमचीच माणसं उतरणार होती. पिल्लं परत देणं ही दया वगैरे नंतर, आधी ती आमची सुरक्षितता आहे. रात्री पाणी धरायला जाताना आम्ही आता दोघं जातो, बॅटरी आणि मोठ्याने गाणं. दिवसा वीज मिळाली तर अर्धा धोका कमी होईल.

पतंग

संक्रांतीनंतर आमच्या वाड्यामागच्या वडावर नायलॉन मांज्यात गव्हाणी घुबड अडकलं होतं. उलटं लोंबकळत होतं, पंखाचं कातडं हाडापर्यंत कापलेलं. अग्निशमन दलाच्या जवानाने मांजा ओढला नाही, दोन्ही बाजूंनी कापला आणि पक्षी अंधाऱ्या खोक्यात ठेवला. हे महत्त्वाचं आहे. ओढू नका, पाणी पाजू नका, अंधार करून डॉक्टरकडे पोचवा. संक्रांत झाल्यावर आपापल्या गल्लीतल्या झाडांवरचा, तारांवरचा मांजा काढायला एक सकाळ द्या. तो वर्षभर तिथेच राहतो.

धागाकर्ती

इतकं येईल असं वाटलं नव्हतं. ज्यांनी महिना आणि जागा लिहिली आहे त्यांनी शक्य असेल तर त्यातली पक्ष्यांची नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही टाका. घरट्यांच्या जागा तिथेही ढोबळच ठेवा. करडई, तुमच्या माळावर भोवत्यांची संध्याकाळची मोजणी करायला काही जण तयार आहेत. गाड्या रस्त्यावरच ठेवू, गवतात शिरणार नाही. जानेवारीतला तुम्हाला जमेल तो रविवार कळवा. आणि कात्रज, धायरी, वाघोली, आळंदी या बाजूंचं अजून कुणीच लिहिलेलं नाही.