खानापूर भागात वन्यजीवांसाठी तळी करायची आहेत, अनुदान कुठून मिळेल?

गवळी_टेंब
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या (कर्नाटक) खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात आमच्या युवक मंडळाला वन्यजीवांसाठी तळी करायची आहेत. तीन जागा डोळ्यासमोर आहेत. एक म्हणजे गावच्या गायरानातलं गाळानं भरलेलं जुनं तळं. दुसरी एका शेतकऱ्याची जंगलाला लागून असलेली पडीक जमीन, तो द्यायला तयार आहे. तिसरी जांभ्याच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळपठारावरची, उथळ जागा. पावसात तिथं पाणी साचतं आणि दिवाळीपर्यंत आटतं. गवे, भेकरं, रानडुकरं या पट्ट्यात नेहमी असतात. बेडूक आणि पाणपक्ष्यांसाठीही काही करावं असं मनात आहे.

मंडळ सोसायटी कायद्याखाली नोंदलेलं आहे, पण देणगीदाराला करसवलत देणारी ८०जी नोंदणी वगैरे काही नाही. सरकारी योजना, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी), परदेशी संस्था यांतलं नक्की काय जमू शकतं? अर्ज कुणाकडे करायचा? एका तळ्याला खर्च किती धरायचा? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

पाणलोट_मलप्रभा
आधी एक गोष्ट पक्की धरा. जमीन कुणाची यावर पैसा कुठून येणार ते ठरतं. "वन्यजीव तळं" या नावाची योजना शोधत बसलात तर वर्ष जाईल. तुमच्या तीन जागांचे तीन वेगळे रस्ते आहेत.

गायरानातलं तळं सगळ्यात सोपं. पंचायतीकडे रोजगार हमीतून गाळ काढणं आणि बांध दुरुस्ती ही नेहमीची कामं असतात. पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) भेटून पुढच्या वर्षाच्या कृती आराखड्यात काम घालायला सांगा. त्यासाठीच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून सुरू होतात, तेव्हा अर्ज गणपतीच्या आधीच द्या. ठराव आणि अर्ज कन्नडमध्ये लागतो. गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर हिश्श्यासकट उताऱ्यावर जसा आहे तसाच लिहा. मराठी नावाचं स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असलं की फाइल तालुका पंचायतीतून परत येते. सर्व्हे नंबरची जागेवर खात्री करायला दिशांक हे कर्नाटक सरकारचं जमीन-नकाशाचं अॅप पुरेसं आहे.

दोन अडचणी आधीच ओळखून ठेवा. मजुरी आणि साहित्य यांचं प्रमाण ६०:४० राखावं लागतं आणि मजुरांच्या जागी यंत्र चालत नाही. खोदाईला जेसीबी लावली आणि कागदावर मजूर दाखवले तर तपासणीत पंचायत अडकते, वसुली निघते. म्हणून तळ्याचे दोन भाग करा. गाळ काढणं, बांध, बांधाला दगड बसवणं (पिचिंग) हे मजुरांकडून. यंत्राचं काम असेल ते सीएसआर किंवा देणगीतून, वेगळ्या अंदाजपत्रकात.

दुसरी अडचण मासेमारीची. गावतळी माशांसाठी लिलावानं देतात. ठेका चालू असेल तर तिथं बेडकांसाठी काही करणं व्यर्थ आहे, अंडी आणि डिंबकं (बेडकांची शेपटीवाली पिल्लं) मासे संपवतात. तळं ठेक्याला द्यायचं नाही, हा ठराव त्याच ग्रामसभेत करून घ्या.

वनहद्दीच्या आत मंडळानं फावडं लावायचं नाही. भीमगड अभयारण्यात तर पाण्याचा प्रवाह वळवणं, अडवणं किंवा वाढवणं यालाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम २९ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. तिथला पैसा म्हणजे कॅम्पा निधी (वनजमीन वळवल्याच्या भरपाईतून जमलेला), आणि तो वनखात्याच्या वार्षिक आराखड्यातूनच खर्च होतो. संस्थेच्या खात्यावर येत नाही. तुम्ही आरएफओंना (वनक्षेत्र अधिकाऱ्यांना) जागेचा नकाशा, उन्हाळ्यात पाणी कधी आटतं याची नोंद आणि फोटो द्या. पुढचा आराखडा बनत असताना, म्हणजे हिवाळ्यातच द्या. ग्राम अरण्य समिती असेल तर तिच्या ठरावासह द्या.

सीएसआर_डेस्क_टिळकवाडी
सीएसआरबद्दल सांगतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यांतलं एक जरी असेल तर कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. अनुसूची ७ मध्ये पर्यावरण, परिसंस्थेचा समतोल, वनस्पती-प्राण्यांचं रक्षण हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तेव्हा तळं बसतं. कंपनीनं आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा सांगतो. म्हणून बेळगाव जिल्ह्यात कारखाना असलेल्या कंपन्यांपासून सुरुवात करा. हिंडाल्कोचा अॅल्युमिना कारखाना, साखर कारखाने, फाउंड्रीवाले. कुठली कंपनी कशावर किती खर्च करते ते राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर दिसतं. पर्यावरणावर कधीच एक रुपया न दिलेल्या कंपनीच्या मागं लागू नका.

संस्थेच्या खात्यात पैसे यायचे तर आयकर खात्याकडची १२एबी आणि ८०जी नोंदणी, सीएसआर-१ फॉर्मचा क्रमांक आणि तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमच्याकडे हे नाही. त्यावर दोन मार्ग आहेत. एक, ही नोंदणी असलेल्या संस्थेशी करार करून ती निधी घेईल आणि मंडळ जागेवरचं काम बघेल. दोन, कंपनीनं काम स्वतःच करायचं, ठेकेदाराला थेट पैसे द्यायचे आणि मंडळानं देखरेख करायची. छोट्या कामाला दुसरा मार्ग लवकर होतो, बघा.

आता शेतकऱ्याच्या जमिनीबद्दल, कारण इथंच बहुतेक प्रस्ताव आपटतात. २०२१ पासूनच्या नियमाप्रमाणे सीएसआरमधून तयार झालेली मालमत्ता नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या, लाभार्थींच्या बचतगट किंवा सामूहिक संस्थेच्या, नाहीतर सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावे असावी लागते. एकट्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर, म्हणजे इथल्या उताऱ्यावर, तळं उभं राहिलं तर कंपनीचा ऑडिटर ते मान्य करणार नाही. भाडेपट्ट्याचा मार्गही सोपा नाही, कर्नाटकात शेतजमीन भाडेपट्ट्यानं देण्यावर जमीन सुधारणा कायद्याची बंदी आहे; दुसरा काही मार्ग आहे का ते वकिलाला विचारा. नाहीतर सीएसआर फक्त गायरानासाठी मागा.

वेळ फार महत्त्वाची. कंपन्यांचं बजेट एप्रिल ते जूनमध्ये ठरतं. उरलेला पैसा जानेवारी ते मार्चमध्ये घाईनं वाटला जातो. खोदाईचा काळ डिसेंबर ते मे. जूनमध्ये हातात आलेला चेक खोदाईला बिनकामाचा. मंजुरीपत्रात पहिला हप्ता डिसेंबरच्या आत, ही अट आधीच लिहून घ्या.

परदेशी निधीचा नाद सध्या सोडा. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा; त्याच्या नोंदणीला संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाख खर्च झालेला लागतो. काही परदेशी संस्था व्यक्तीला छोटी अनुदानं देतात, पण एफसीआरए व्यक्तीलाही लागू आहे, आणि खोदाईपेक्षा अभ्यासाला पैसे देण्याकडे त्यांचा कल असतो.

सडा_आणि_बेडूक
तिसऱ्या जागेबद्दल कळकळीनं सांगते: सड्यावर खणू नका. जे पाणी दिवाळीपर्यंत आटतं तेच तिथलं तळं आहे. कातळावरच्या अशा डबक्यांत मासे टिकत नाहीत, म्हणूनच बेडूक तिथं अंडी घालतात. आंबोली टोड तर अशाच उथळ कातळडबक्यांत वाढतो. खोल खड्डा केलात की पाणी बारमाही होतं, मग मासे आणि खेकडे येतात आणि चतुरांच्या अळ्या वर्षभर तळ ठोकतात. शिवाय जांभा खोदला की भेगा उघड्या पडतात आणि पाणी खाली निघून जातं. म्हणजे दोन्ही बाजूंनी तोटा. तुमच्याच तालुक्यात चोर्ल्याला २०११ मध्ये देवगांडुळाची (गांडुळासारखा दिसणारा, पाय नसलेला उभयचर) नवी जात नोंदली गेली, इक्थिऑफिस डेव्हिडी. अशा जीवांना ओलसर, न हललेली माती लागते. सड्यासाठी पैसा मागायचाच तर पंचायतीच्या जैवविविधता समितीकडून नोंदवहीत त्याची नोंद करून घ्या आणि गाड्या वर चढू नयेत म्हणून वाटेवर मोठे दगड लावा.

गायरानातल्या तळ्याचा गाळ काढतानाही सगळं तळं एका वर्षात खरवडू नका. एक तृतीयांश काठ वनस्पतींसकट तसाच ठेवा, तो पुढच्या वर्षी घ्या. बेडकांसाठी मुख्य तळ्यापासून १०-१५ मीटर दूर, त्याला न जोडलेली तीन-चार छोटी डबकी करा. प्रत्येकी २० ते ५० चौरस मीटर, खोली ३० ते ६० सेंटिमीटर. फेब्रुवारीपर्यंत आटली तर उत्तमच. यांना मजुरी थोडी लागते, म्हणून मुख्य कामाच्या अंदाजपत्रकात सहज बसतात. आणि गप्पी मासे सोडायला कुणी आलं तर नम्रपणे नको म्हणा.

गवळी_टेंब
ताई, सड्याचा विषय आम्ही सोडतो. शेतकऱ्याच्या पडीक जमिनीचं मात्र अजून समजत नाही. गवे तिथूनच ओलांडतात. कृषी भाग्य या सरकारी योजनेतून शेततळं करून तेच वन्यजीवांसाठी वापरता येईल का? आणि माती मुरमाड आहे, पाणी टिकेल का?

मोजमाप_वही
कायद्यानं अडचण नाही. कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे शेतजमिनीत शेतीसाठी विहीर किंवा तळं खोदायला बिगरशेती करावी लागत नाही. पण कृषी भाग्यचं तळं वन्यजीवांसाठी चुकीचं आहे. त्याचं माप १०×१० ते २१×२१ मीटर, खोली ३ मीटर, बाजू तीव्र उताराच्या, आत प्लॅस्टिक. आत पडलेलं भेकरू किंवा रानडुक्कर बाहेर येऊ शकत नाही, म्हणून तर कुंपण घालायला लावतात. ते अनुदान सिंचनासाठी आहे, तळं त्यासाठीच वापरा. आसपास अशी तळी आधीच असतील तर प्रत्येकात एका कोपऱ्यातून तळापर्यंत मीटरभर रुंदीची काथ्याची जाळी सोडून वर खुंटीला घट्ट बांधा. साप, घोरपड, बेडूक तिच्यावरून वर येतात. याला कुणाच्या मंजुरीची वाट बघायला नको.

वन्यजीवांचं तळं वेगळं धरा. वरचं माप २० × १५ मीटर, खोली १.५ मीटर. तीन बाजूंना उतार १:३ (एक मीटर खोलीला तीन मीटर आडवं) आणि चौथ्या, म्हणजे जनावरं येण्याच्या बाजूला, १:६. तळाला ६.५ × ६ मीटर उरतात. पाणी साधारण २२४ घनमीटर, म्हणजे सव्वादोन लाख लिटर. मुरमाड मातीत अस्तर लागणारच, तेव्हा ३० सेंटिमीटर चिकण मातीची जागाही खोदावी लागते. आतला पृष्ठभाग ३१५ चौरस मीटरच्या आसपास, म्हणून आणखी ९५ घनमीटर. खोदाई ३२० घनमीटर लिहा. २२४ लिहून मंजुरी घेतली की अस्तराच्या वेळी पैसे संपतात, आणि असली गळकी तळी या भागात भरपूर आहेत. दबलेल्या ९५ घनमीटरला सुटी माती १२० ते १३० घनमीटर आणावी लागते. लांबून आणायची झाली तर वाहतूक हाच सगळ्यात मोठा खर्च, म्हणून गायरानातल्या तळ्याचा गाळ चिकण असेल तर तोच वापरा. पंचायतीच्या ठरावात गाळ कुठे जाणार ते लिहून घ्या.

माती कशी तपासायची: ओली करून पेन्सिलीएवढी वळी करा आणि तिची अंगठी वळवा. तडा न जाता वळली तर चालेल. जागेची गळती बघायला मीटरभर खोल खड्डा करा, एक दिवस भरलेला ठेवा, दुसऱ्या दिवशी परत भरून २४ तासांत पाणी किती उतरलं ते मोजा. ५ सेंटिमीटरच्या वर गेलं तर अस्तराशिवाय पुढं जाऊ नका. अस्तर १५-१५ सेंटिमीटरच्या दोन थरांत, माती ओलसर असताना दाबायचं. कोरडी टाकून वरून पाणी मारलं तर आत पोकळ राहते आणि पहिल्याच उन्हाळ्यात भेगाळते.

अस्तर म्हणून ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद टाकला तर या मापाला २२.५ × १७.५ मीटर लागेल, मीटर-मीटर काठ चरात गाडण्यासह, आणि वर किमान २० सेंटिमीटर माती. पण गवे येतात तिथं कागद घालू नये. खुरांनी फाटतो आणि भोक शोधता येत नाही.

पाणी भरण्याची चिंता तुमच्या भागात नाही. चिंता जास्तीच्या पाण्याची. सांडवा ठेवला नाही तर जुलैतच बांध फुटतो. बांधाच्या माथ्यापेक्षा किमान ५० सेंटिमीटर खाली, मूळ जमिनीत खोदलेला, दगड बसवलेला सांडवा हवा. भरावात सांडवा करू नका. पाणी येण्याच्या तोंडाशी २ × २ × १ मीटरचा गाळखड्डा ठेवा, तो दरवर्षी मेमध्ये उपसायचा. नोव्हेंबर ते मे रोज ५-६ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर १ ते सव्वा मीटर पाणी उडतं. १.५ मीटरच्या तळ्यात मेअखेर जेमतेम वीत-दोन वीत उरेल, तेही गळती नसेल तर. उन्हाळाभर हवंच असेल तर मधला भाग २ मीटर करा आणि सगळी मापं पुन्हा काढा.

पाणलोट_मलप्रभा
यात एक भर. शेतकऱ्याच्या जागेला सीएसआर मिळत नाही आणि कृषी भाग्य बसत नाही, मग उरतात देणगीदार आणि गावचे परगावी असलेले लोक. तिथं कागद कमी लागतात, पण शेतकऱ्याशी निदान दहा वर्षांचा लेखी करार नोंदवून घ्या. तळं बुजवणार नाही, पंप लावणार नाही, मासे सोडणार नाही, आणि जमीन विकली तरी अट कायम, एवढं त्यात असू द्या. जागा वस्ती आणि उसापासून जितकी दूर तितकी चांगली. पाण्याच्या वाटेवर ऊस असला तर गवे आणि हत्ती आधी उसात शिरतात, आणि पुढच्या वर्षी गावच तळं बुजवायला सांगतं. तसंच पाणवठ्यावर फासे लावले जातात. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा काठानं फिरून तारा काढणारी माणसं आधी ठरवा, आणि फासा सापडला की आरएफओ कार्यालयाला लगेच कळवा.

प्रस्तावात तीन पावसाळ्यांची देखभाल स्वतंत्र ओळीत दाखवा: गाळखड्डा, सांडव्याचे दगड, अस्तराची डागडुजी. आणि पाण्याची पातळी वाचायला सेंटिमीटरच्या खुणांचा एक खांब तळात रोवा. दर पंधरवड्याचा आकडा आणि त्याच जागेवरून काढलेला फोटो एवढं ठेवलंत तर दुसऱ्या हप्त्याच्या वेळी वेगळा अहवाल लिहावा लागत नाही.

गवळी_टेंब
सगळ्यांचे आभार. गायरानातल्या तळ्यापासून सुरुवात करतो. मासेमारीचा ठेका चालू आहे का ते उद्या पंचायतीत विचारतो आणि गाळाची वळी करून बघतो. अंदाजपत्रक तयार झालं की इथंच टाकतो, मापं तपासून द्या.

मोजमाप_वही
टाका. सोबत गाळाची जाडी किमान पाच ठिकाणी लोखंडी सळई खुपसून मोजलेली द्या, एकाच ठिकाणची नको. बांधाजवळ गाळ नेहमी जास्त असतो आणि तिथलाच आकडा धरला तर घनमीटर फुगतात.