मदत हवी आहे: वय ६७, रोज एक बंडल बिडी. सोडवायची सुरुवात कुठून करावी? (तासगाव)

बेदाणा

आबांसाठी विचारतोय. सोडायचं त्यांनी स्वतःच ठरवलंय, तेव्हा "आधी मनाची तयारी हवी" हे सोडून पुढचं सांगावं. माहिती एकदमच देतो, म्हणजे उलट प्रश्न कमी होतील.

वय ६७, वजन ५५ किलो. बिडी ४५ वर्षं, सध्या रोज २५ च्या आसपास. पहिली उठल्यावर पाच-दहा मिनिटांत. तंबाखू-चुना नाही, मशेरी नाही, दारू नाही. वरच्या दातांची कवळी आहे. औषधं: बीपीची अम्लोडिपिन ५ मिग्रॅ सकाळी, आणि दम लागतो म्हणून डेरिफायलीन दिवसातून दोनदा. साखर नाही, हार्टचा त्रास नाही, फिट कधी आलेली नाही. चहा पाच-सहा कप.

निकोटिनचं २ मिग्रॅ च्युइंगम दुकानातून आणून दिलं होतं. दिवसाला दोन-तीन खाल्ले. तोंड जळतं, उचकी लागते, कवळीला चिकटतं म्हणून तिसऱ्या दिवशी बंद.

प्रश्न: १) गम सोडून दुसरं काय? २) एकदम बंद की रोज एकेक कमी? ३) सांगली-मिरजेत नेमकं कुठं जायचं? पुण्या-मुंबईला नेणं शक्य नाही.

औषधवाला

गम वाया गेला त्याची कारणं तुमच्याच मजकुरात आहेत. एक, तो च्युइंगमसारखा चावला गेला. तसं केलं की निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं. तिथं त्याचा उपयोग जवळपास शून्य, वर उचकी, मळमळ, घशाशी जळजळ. ते शोषलं जायला हवं गालाच्या आतल्या त्वचेतून. हळूहळू आठ-दहा वेळा चावायचं, तोंडात चुरचुर सुरू झाली की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. तंबाखूचा बार दाढेला धरतात तसंच. चुरचुर गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावून जागा बदलायची. एक गम अर्धा तास.

दोन, चहा. चहा, कॉफी, ताक, लिंबू यांनी तोंड आंबट होतं आणि आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. पाच-सहा कप चहाच्या माणसाला हे सांगितलं नाही तर पाकीट फुकट.

तीन, मात्रा. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागते म्हणजे ओढ जबर. अशांना ४ मिग्रॅ लागतं, आणि पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक. पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, त्यापुढचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. २ मिग्रॅचे दिवसाला तीन म्हणजे बागेला चूळ भरून पाणी घातल्यासारखं झालं. २ मिग्रॅ चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ मिग्रॅला डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

कवळीला गम नकोच. त्याऐवजी लॉझेंज, म्हणजे तोंडात विरघळणारी गोळी. चावायची नाही, गिळायची नाही, या गालातून त्या गालात फिरवायची. २०-३० मिनिटांत संपते. चहाचा नियम तोच.

आणि एकट्या लॉझेंजवर भागवू नका. पॅच (त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी) आणि लॉझेंज अशी जोडी एकेकट्यापेक्षा चांगली चालते. पॅच दिवसभर संथ निकोटिन देतो, लॉझेंज अचानक येणारी तलफ भागवते. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी असतील तर २१ मिग्रॅने सुरुवात, सहा आठवडे. मग १४ मिग्रॅ दोन आठवडे, ७ मिग्रॅ दोन आठवडे. बिडीत तंबाखू कमी असतो म्हणून तिला हलकी समजू नका. तिचा तंबाखू कडक, आणि ती विझू नये म्हणून माणूस झुरके जास्त आणि खोल घेतो. मात्रा जास्त झाली तर मळमळ, डोकेदुखी, धडधड, गार घाम दिसतो. तसं झालं तर डॉक्टरांना विचारून १४ वर या. तालुक्याच्या दुकानात पॅच मागवावा लागेल, चार दिवस आधी सांगा.

मिरजकर_सिस्टर

वरचं सगळं बरोबर, पण या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गम नाही, डेरिफायलीन आहे.

बिडीच्या धुरामुळे यकृत थिओफायलीन नेहमीपेक्षा लवकर संपवतं. डेरिफायलीनमध्ये तेच असतं. म्हणजे आबांचा आत्ताचा डोस बिडी ओढणाऱ्या माणसाला बसलेला आहे. बिडी बंद झाली की साधारण आठवड्याभरात यकृताचा हा वेग उतरतो आणि त्याच गोळ्या रक्तात जास्त साठायला लागतात. मग मळमळ, हात थरथरणं, छातीत धडधड, झोप उडणं. घरच्यांना वाटतं, बिडी सुटल्याचा त्रास आहे, आणि कुणीतरी म्हणतं, "द्या एक, जीव तरी शांत होईल." डोस फार चढला तर ठोके बिघडतात, फिटही येऊ शकते.

हे काम धुरातल्या घटकांचं आहे, निकोटिनचं नाही. त्यामुळे पॅच लावला म्हणून हा धोका टळत नाही. तारीख ठरायच्या आधीच डॉक्टरांना सांगा की अमुक दिवसापासून बिडी बंद होतेय, डेरिफायलीनचं काय करायचं. साधारणपणे पाव ते एकतृतीयांश कमी करतात, पण ते त्यांनी ठरवायचं. स्वतः गोळी मोडू नका, एकदम बंदही करू नका.

दम लागतो पण फुंकर मारून करायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, झालेली दिसत नाही. ती करून घ्या. इन्हेलरवर भागत असेल तर डेरिफायलीनची भानगडच राहणार नाही.

चहालाही हाच नियम. बिडी सुटली की कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. कप तेवढेच ठेवले तर रात्री डोळा लागत नाही. निम्मे करा, संध्याकाळी पाचनंतर नको.

कृष्णाकाठ

रोज एक कमी करत न्या, २५ दिवसांत सुटेल. साधा हिशोब आहे.

समुपदेशक_सातारा

कृष्णाकाठ, हिशोब कागदावर बरोबर येतो. प्रत्यक्षात २५ च्या १२ झाल्या की माणूस त्या बारा मुळापर्यंत आणि खोल ओढतो. शिवाय उरतात त्या सगळ्यात आवडत्या: सकाळची, चहावरची, जेवणानंतरची. दिवसभर पुढच्या बिडीची वाट बघण्यात जातो. तारीख ठरवून एकदम बंद, हेच बरं. कमी करत जायचं असेल तर लॉझेंजच्या आधाराने दोन आठवडे, आणि शेवटची तारीख आधीच लिहिलेली.

बेदाणा

डेरिफायलीनचं कुणीच सांगितलं नव्हतं. सिस्टर, आभारी आहे.

आणखी तीन गोष्टी. बिडी सोडवणाऱ्या व्हॅरेनिक्लीनच्या गोळ्यांबद्दल ऐकलंय, पण आबांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) १.४ आलंय, "थोडंच जास्त" म्हणाले. चालेल का? दुसरं, बिडीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही हे त्यांचं पक्कं मत आहे. तिसरं, रात्रीची लाईट असते तेव्हा बागेत दारं धरायला (पाणी पाजायला) एकटेच असतात. तिथं कसं आवरायचं?

औषधवाला

१.४ हा आकडा एकटा वाचू नका. मूत्रपिंड मिनिटाला किती मिली रक्त गाळतं याचा अंदाज असा काढतात: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले क्रिएटिनिनची ७२ पट. आबांचं: ७३ गुणिले ५५ म्हणजे ४०१५, भागिले १००.८. आले साधारण ४०. म्हणजे मूत्रपिंड "थोडंच" नव्हे, बरंच मंदावलंय. व्हॅरेनिक्लीनचा डोस हा आकडा ३० च्या खाली गेला तर निम्मा करतात, म्हणजे आज पूर्ण डोस चालू शकतो, पण रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवा. पूर्ण डोस असा: पहिले तीन दिवस ०.५ मिग्रॅ एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिग्रॅ दोनदा, एकूण १२ आठवडे. बिडी आठव्या दिवशी बंद. जेवणानंतर ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची, नाहीतर हमखास मळमळ. विचित्र स्वप्नं पडली तर संध्याकाळची गोळी लवकर घ्यायची.

बुप्रोपिऑन, म्हणजे बिडी सोडवायची दुसरी गोळी, मी आबांना सुचवणार नाही. बीपी वाढवू शकतं, आणि मूत्रपिंड मंद असेल तर अंगात साठतं.

मिरजकर_सिस्टर

पोटाचं आबा खोटं बोलत नाहीत. निकोटिन आतड्याला खरंच ढकलतं, सुटलं की दोन-चार आठवडे बद्धकोष्ठता होते. त्यासाठी बिडी लागत नाही. रात्री एक ते दोन चमचे इसबगोल पूर्ण ग्लास पाण्यात, इतर गोळ्यांपासून दोन तास लांब. सकाळी उठल्याउठल्या दोन ग्लास कोमट पाणी, थोडी चाल, मग संडास. पाणी कमी पडलं तर इसबगोलच कोंडून बसतं, हे विसरू नका.

पहिले काही आठवडे खोकला आणि बेडके वाढू शकतात. धुराने झोपलेली श्वासनलिकेची झाडलोट पुन्हा सुरू होते म्हणून. "बिडीनेच खोकला दबून होता" असं म्हणत कितीतरी जण इथंच परत फिरतात. मात्र बेडक्यात रक्त, वजन घटणं, ताप किंवा आवाज बसून तीन आठवडे झाले तर वाट बघू नका. थुंकी तपासणी आणि छातीचा एक्स-रे.

समुपदेशक_सातारा

दारं धरण्याचं. एक तलफ तीन ते पाच मिनिटांची असते, पण अंधारात एकट्याला ती तासाची वाटते. लॉझेंज परिणाम दाखवायला २०-३० मिनिटं घेते, त्यामुळे तलफ आल्यावर नव्हे, घरातून निघताना तोंडात टाकायची. काडेपेटी घरी, बॅटरी सोबत. खिशात भाजके शेंगदाणे नकोत, कवळीत अडकतात. बडीशेप, लवंग चालेल. पहिले दोन आठवडे रात्रीची पाळी दुसऱ्या कुणी घेतली तर उत्तम. तलफेचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, मग उतरत जातो.

सकाळी डेअरीवर दूध घालायला जातात का? तिथली बिडी एकट्याची नसते, कुणीतरी पुढं करतो. पहिला महिना दूध दुसऱ्याने घालावं.

घरच्यांसाठी: बंडल लपवू नका, नातवाची शपथ घालू नका. शपथ मोडली की माणूस बिडी सोडत नाही, सांगणं सोडतो. एखादी ओढली गेली तरी पॅच काढायचा नाही, त्याच दिवशी पुढं चालू. बिडीऐवजी तंबाखू-चुना किंवा मशेरी सुरू झाली तर ते सोडणं नव्हे. ई-सिगारेट २०१९ च्या कायद्याने बंद आहे, त्या वाटेला जाऊच नका.

कुठं जायचं: सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय किंवा मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. छातीरोग विभागाचा केसपेपर काढा, कारण दम आणि डेरिफायलीनचा प्रश्न तिथंच सुटेल. तिथंच तंबाखूमुक्ती समुपदेशनाबद्दल विचारा. निकोटिनची औषधं २०२२ पासून राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत, तेव्हा रुग्णालयातून मिळतात का हे विचारायला लाजू नका. साताऱ्याकडच्या वाचकांसाठी: क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र.

घरबसल्या क्विटलाईन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवरून मदत: १८००-११-२३५६, बिडीच्या बंडलावर छापलेला तोच नंबर. फुकट आहे, सकाळी ८ ते रात्री ८. मराठीत बोलायचंय असं सांगा. नाव नोंदवलं की पुढचे फोन ते करतात. अनोळखी नंबर आला की आबा कापतील, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

कृष्णाकाठ

मान्य, माझा हिशोब मागे घेतो. पण पारावर एकच ऐकू येतं, "सदुसष्टाव्या वर्षी सोडून आता काय मिळणार?"

समुपदेशक_सातारा

ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या सवयींची १९५१ पासून ५० वर्षं नोंद ठेवली, २००४ साली निकाल छापला. साठाव्या वर्षाच्या आसपास सोडणाऱ्यांना सरासरी तीन वर्षं जास्त मिळाली. सदुसष्टला थोडी कमी धरा. पण आबांसाठी वर्षांपेक्षा दम महत्त्वाचा: गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, पुढं घसरण्याचा वेग मात्र कमी होतो. बांधावर चढताना किती वेळा थांबावं लागतं, यात तो फरक मोजता येतो.

बेदाणा

ठरलं असं: बुधवारी मिरज, छातीरोग विभाग. क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं सोबत. पॅच आणि लॉझेंज आजच मागवतो. बंद करायचा दिवस पुढचा सोमवार, महादेवाचा वार म्हणून आबांनीच निवडलाय. क्विटलाईनला त्याच दिवशी सकाळी फोन लावून देतो.

औषधवाला

पॅच आंघोळीनंतर, अंग पूर्ण कोरडं करून, तेल न लावता, दंडावर किंवा पाठीवर, दहा सेकंद तळहाताने दाबून. रोज जागा बदला. बागेत घामाने सुटला तर नवीन लावा. झोप बिघडली तर रात्री काढा. वापरलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून पोरांच्या आणि जनावरांच्या हाती-तोंडी लागणार नाही असा टाका. त्यात अजून निकोटिन असतं.

समुपदेशक_सातारा

सोमवारी क्विटलाईन बंद असते. वार बदलू नका, फोन रविवारी लावा.