आफ्रिकी प्राण्यांचे मिश्र अधिवास पाहताना तुलना कशाच्या आधारे करावी?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. मी नाशिकमधील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि शाळेच्या निसर्ग मंडळाचे काम पाहतो. आपल्या शहरात प्राणिसंग्रहालय नाही, त्यामुळे जिराफ आणि झेब्रा आमच्या मुलांना दिसतात ते सहलीतच. म्हैसूरचे 1892 मध्ये सुरू झालेले श्री चामराजेंद्र प्राणिसंग्रहालय आणि गुजरातेतील केवडियाची जंगल सफारी ही दोन्ही ठिकाणे आम्ही पाहून आलो आहोत. येत्या दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या बहिणीकडे शारजाला जाण्याचे ठरले आहे. तेथील सफारी पाहायची आहे आणि पुढे कधी जमल्यास सिंगापूरचे प्राणिसंग्रहालयही.

आफ्रिकेतील अनेक जातींचे प्राणी एकाच मोकळ्या आवारात एकत्र ठेवण्याच्या पद्धतीविषयी मला जाणून घ्यायचे आहे. अशा आवारांबद्दल जे लिहिलेले आढळते, ते बहुतेक किती जाती एका नजरेत दिसतात, छायाचित्रे कशी येतात आणि गाडी किती वेळ फिरवते याविषयीच असते. आमच्या मंडळातील एका मुलीने मात्र वेगळेच विचारले: झेब्रा इतरांना त्रास देत नाही का, आणि देत असेल तर ते पाहणाऱ्याला कसे कळेल? मला उत्तर देता आले नाही. दोन आवारांची तुलना करताना नेमके काय पाहावे आणि हे एकत्र राहणे त्या प्राण्यांच्या हिताचे असते का, याबद्दल जाणकारांनी लिहावे, अशी विनंती आहे.

निफाडचा पशुवैद्य

सर, आपल्या विद्यार्थिनीने अचूक प्राण्यावर बोट ठेवले आहे. गवताळ प्रदेशाच्या मिश्र आवारात सर्वांत जास्त लक्ष ठेवावे लागते ते बहुधा झेब्र्यावरच. नर झेब्रा आपल्या माद्यांच्या आणि शिंगरांच्या बाबतीत कमालीचा दक्ष असतो; लहान हरणांच्या पाडसांचा पाठलाग करून त्यांना चावल्याच्या, प्रसंगी मारल्याच्या घटना प्राणिसंग्रहालयांत घडलेल्या आहेत. त्याखालोखाल विणीच्या काळातला नर शहामृग आणि लांब सरळ शिंगांचे ओरिक्स हे मोठे हरण. अवाढव्य पांढरा गेंडा त्या मानाने शांत निघतो, हे पाहणाऱ्याला खरे वाटत नाही.

म्हणून आवार किती एकरांचे आहे यापेक्षा त्याचा आकार कसा आहे, हे मी आधी पाहतो. कुंपणाचा काटकोनी कोपरा म्हणजे सापळा असतो, कारण पाठलाग होत असलेला प्राणी तेथे शिरला की त्याला मागे फिरायला वाट उरत नाही. विचारपूर्वक आखलेल्या आवारात कोपरे गोलाकार केलेले असतात किंवा दगड-झुडपांनी भरून टाकलेले असतात. मधोमध एखादे टेकाड, आडवे ओंडके, खडकांची रांग असते आणि तिच्या आड गेले की दुसऱ्याच्या नजरेतून सुटता येते. आणखी एक खूण अगदी जवळून पाहण्यासारखी आहे. कडेला कोठे तरी जाड लाकडी खांबांची ओळ असते आणि दोन खांबांमधले अंतर असे राखलेले असते की 20-25 किलोचे थॉमसन गॅझेल हे छोटे हरण अंग चोरून सहज पलीकडे जाते, पण 300 किलोच्या झेब्र्याची छाती तेथे अडते. त्या फटीपलीकडे वेगळी गव्हाण, पाणी आणि सावली असेल, तर आखणी करणाऱ्याने सर्वांत दुर्बळ प्राण्याचा विचार केला आहे, असे खुशाल समजावे. नुसत्या खांबांमागे रिकामी मातीच असेल, तर तो आसरा केवळ नावाचा आहे. भुकेल्या प्राण्याला अखेर बाहेर यावेच लागते.

प्राण्यांना एकत्र सोडण्याची प्रक्रियाही लांबलचक असते. आधी विलगीकरण, मग जाळीआडून एकमेकांना पाहणे आणि हुंगणे, मग नव्या प्राण्याला एकट्याने पूर्ण आवारात फिरू देणे, म्हणजे धावताना कुंपण आणि खंदक कोठे आहेत हे त्याला आधीच ठाऊक असते. त्यानंतर एकेक जात. दांडगट प्राणी शक्यतो शेवटी सोडतात, कारण तो आधी गेला तर सगळी जागा आपलीच समजून बसतो. रात्री बहुतेक ठिकाणी सर्वांचे गोठे वेगळे असतात. जिराफाची मादी सुमारे 15 महिन्यांच्या गर्भारपणानंतर विते, तेव्हा पिल्लू भक्कम पावलांनी चालू लागेपर्यंत त्या दोघांना गर्दीपासून दूर ठेवणे शहाणपणाचे असते.

रोगांचा भाग पर्यटकाला दिसत नाही, पण कोणाला कोणासोबत ठेवायचे हे पुष्कळदा त्यावरच ठरते. विल्डबीस्ट या आफ्रिकेतील मोठ्या हरणाच्या शरीरात एक हर्पीस विषाणू राहतो, तो त्याला काहीच करीत नाही; मात्र गाय-बैलांना आणि अनेक रवंथ करणाऱ्या प्राण्यांना त्यापासून मॅलिग्नंट कॅटॅरल फीव्हर हा बहुधा जीवघेणा ठरणारा आजार होतो. हा विषाणू मुख्यतः लहान वासरांकडून पसरतो, म्हणून पूर्व आफ्रिकेतील मासाई गुराखी विल्डबीस्ट वितात त्या कुरणांपासून आपली गुरे दूर नेतात. तसेच 1993 मध्ये जपानमधील एका प्राणिसंग्रहालयात थॉमसन गॅझेलांमध्ये मेंदूदाहाची साथ आली, तिच्यातून एक नवा हर्पीस विषाणू सापडला आणि पुढील संशोधनात संशयाची सुई झेब्र्यांकडे वळली. जे प्राणी रानात शेजारी चरतात ते बंदिस्त जागेतही निर्धोकपणे एकत्र राहतील, असे गृहीत धरता येत नाही ते यामुळे.

येवल्याचे माळरान

डॉक्टरांनी दिलेली माहिती मोलाची आहे, तरीही मूळ प्रश्नाचा दुसरा भाग मला सुटलेला वाटत नाही. अशा आवारांचा उगम प्राण्यांच्या हितासाठी झालेला नाही. कार्ल हागेनबेक हे मूळचे प्राण्यांचे व्यापारी. 1907 मध्ये हॅम्बुर्गजवळच्या स्टेलिंगेन येथे त्यांनी पुढे तळे, मागे गवत खाणारे प्राणी, त्यामागे सिंह आणि मधले सगळे खंदक नजरेआड, असा देखावा उभा केला, तो तिकीट काढून येणाऱ्याला आफ्रिका एका चौकटीत दिसावी म्हणून. 1941 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात उघडलेले आफ्रिकन प्लेन्स हे आवार त्याच वाटेने गेले. सिंहाचा वास सतत नाकात येत असताना त्या हरणांना काय वाटत असेल, याचा विचार तेव्हा कोणी केला असेल, असे मला वाटत नाही. आपल्या जिल्ह्यात ममदापूरच्या राखीव क्षेत्रात काळवीट मोकळे फिरतात. मुलांना आधी तेथे न्यावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

सातपूरहून प्रवासी

ममदापूरबद्दल दुमत नाही, आणि हागेनबेक यांच्या हेतूबद्दलही नाही. पण उगम देखाव्यात झाला म्हणून आजचे प्रत्येक आवार देखावाच ठरत नाही. सिंगापूरच्या प्राणिसंग्रहालयात इथिओपियाच्या ग्रेट रिफ्ट व्हॅलीच्या नावाने उभारलेला खडकाळ कडा आहे. तेथे हमाड्रायस बबून ही मोठी माकडे आणि न्यूबियन आयबेक्स हे रानबोकड एकत्र राहतात. मला आजवर सर्वांत पटलेले मिश्र आवार तेच, आणि त्यात जिराफ-झेब्र्यांची भव्यता मुळीच नाही. बबूनांचे टोळके खालच्या सपाटीवर उवा निवडत, भांडत, पिल्लांना ओढत असते, आणि वर जेमतेम खूर मावेल एवढ्या कंगोऱ्यावर आयबेक्स पाय दुमडून रवंथ करीत बसलेला असतो. बबूनही चढू शकतात, पण तेवढ्या अरुंद जागी आयबेक्सला हटवण्यात त्यांना काही लाभ नसतो. जागेची वाटणी येथे उंचीने झालेली आहे आणि ती कोणा कीपरला दररोज करून द्यावी लागत नाही. मी तेथे बराच वेळ बसून राहिलो होतो आणि त्या वेळात कोणीही कोणाला पळवले नाही.

शारजा सफारी हा वेगळा प्रकार आहे. ती 2022 मध्ये सुरू झाली, तिचा विस्तार सुमारे 8 चौरस किलोमीटरचा आहे आणि साहेल (सहाराच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा), सव्हाना, सेरेंगेटी, गोरोंगोरो, मोरेमी, कलहारी असे आफ्रिकेतील प्रदेशांनुसार तिचे विभाग पाडलेले आहेत. तुलनेसाठी याचा एक फायदा आहे: एका आवारातील प्राणी आफ्रिकेच्या एकाच भागातले आहेत का, हे तपासता येते. पुष्कळ ठिकाणी वाळवंटी ओरिक्स आणि दमट सव्हानातील हरणे केवळ दोन्ही आफ्रिकेतली म्हणून एकत्र ठेवलेली असतात. मुलांच्या मनात त्यातून चुकीचा नकाशा तयार होतो, आणि शिक्षक म्हणून आपल्याला त्याची टोचणी लागावी असे मला वाटते. साहेलच्या बाबतीत मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. वाकड्या शिंगांचा सिमिटर ओरिक्स 2000 मध्ये रानातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले होते. बंदिस्त जागी वाढवलेल्या कळपांतून 2016 पासून तो चाडमध्ये पुन्हा सोडण्यात आला आणि त्या कामात शेजारच्या अबुधाबीचा मोठा वाटा आहे.

हिताच्या प्रश्नावर कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोचे उदाहरण नेहमी दिले जाते. शहरातील प्राणिसंग्रहालयात एका मादीसोबत वर्षानुवर्षे राहूनही ज्याला पिल्ले झाली नव्हती, तो पांढरा गेंडा 1972 मध्ये उघडलेल्या सफारी पार्कच्या विस्तीर्ण आवारात, दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या कळपात गेल्यावर अनेक पिल्लांचा पिता झाला. मात्र हे यश स्वजातीच्या कळपाचे आणि मोकळ्या जागेचे आहे. झेब्रा शेजारी होता म्हणून ते घडले, असे कोणी सांगितले तर मी ते मान्य करणार नाही. एखाद्या आवारात आठ जाती असतील पण प्रत्येकीचा एक-एकच प्राणी असेल, तर तो मेळ मला केविलवाणा वाटतो. कळपात राहणाऱ्या प्राण्याची स्वजातीची सोबत दुसरी जात भरून काढू शकत नाही.

अरुशा ते नाशिक

कामानिमित्त माझी काही वर्षे टांझानियात गेली, म्हणून खाण्याच्या बाजूने थोडे लिहितो. सेरेंगेटीत झेब्रा, विल्डबीस्ट आणि थॉमसन गॅझेल एकाच कुरणावर दिसतात, पण ते एकच गवत खात नाहीत. झेब्र्याला वरखाली दोन्हीकडे पुढचे दात असतात आणि त्याचे पचन घोड्यासारखे असते, त्यामुळे उंच, जाडेभरडे, कमी कसाचे गवत तो भराभर कापून पोटात ढकलू शकतो. त्याने वरचा थर काढला की विल्डबीस्टच्या रुंद तोंडाला हवे असलेले आखूड, पालेदार गवत मोकळे होते आणि त्यांच्यामागून येणारे गॅझेल आपल्या निमुळत्या तोंडाने कोवळे फुटवे टिपते. जिराफ तर जमिनीकडे पाहतही नाही. त्याची सुमारे 45 सेंटीमीटरची जीभ बाभळीच्या काट्यांमधून पाने ओढून काढते. प्राणिसंग्रहालयात हिरवे कुरण टिकत नाही, सर्वांना बाहेरून वैरण घालावी लागते, आणि रानातली ही वाटणी तेथेच मोडते. पेंडी एका ठिकाणी पडली की सगळ्यांचे तोंड एकाच ढिगाकडे.

म्हणून मी गव्हाणी पाहतो. जिराफाचा पाला त्याच्या मानेच्या उंचीवर टांगलेला आहे का, जमिनीवरचा चारा पाच-सहा ठिकाणी पसरून टाकला आहे का, आणि एका ढिगावरून दुसऱ्यावर जाताना दुर्बळ प्राण्याला दांडगटाच्या अंगावरून जावे लागते का? जिराफाला खाली वाकून, पुढचे पाय फाकवून खावे लागत असेल, तर बाकी आवार कितीही देखणे असो, माझे मन तेथे रमत नाही.

गोदाकाठ (नाशिक)

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. ममदापूरची सूचनाही मी स्वीकारतो. दिवाळीआधीच्या एखाद्या रविवारी मंडळाला तेथे घेऊन जाईन आणि एकाच जातीचा मोकळा कळप कसा वागतो, हे मुलांना आधी पाहू देईन. नोंदवहीत जातींची यादी करण्याऐवजी कोण कोणाला वाट देतो, कोण कोणत्या गव्हाणीवर खातो आणि आड जायला जागा कोठे आहे, हे आवाराच्या कच्च्या नकाशावर दाखवायला सांगणार आहे. एक शंका राहते. शारजात गाडीतून फिरावे लागते, मग एका जागी बसून निरीक्षण कसे करावे?

निफाडचा पशुवैद्य

गाडीतून पूर्ण निरीक्षण होणार नाही, हे धरूनच चला. शारजा सफारी भर उन्हाळ्यात बंद असते, पण दिवाळीच्या सुमारासही तेथे दुपारी ऊन असते आणि प्राणी सावली धरतात, म्हणून सकाळची पहिली फेरी घ्यावी. त्या वेळी ताजा चारा घातलेला असण्याची शक्यता जास्त असते आणि एकमेकांना हटवणे चाऱ्यापाशीच सर्वाधिक दिसते. मार्गदर्शकाला दोनच प्रश्न विचारावेत: रात्री यांना वेगळे ठेवता का, आणि या आवारात गेल्या हंगामात कोणत्या जातींची पिल्ले वाढली? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात केवळ मोठ्या प्राण्यांचीच नावे आली, तर लहान हरणांच्या पाडसांचे काय झाले, हेही आवर्जून विचारा. शक्य असेल तर हरणांच्या पुठ्ठ्यावर आणि कानांवर चाव्याचे जुने व्रण आहेत का, ते दुर्बिणीतून पाहा. गाडी काही क्षणच थांबली तरी तेवढे दिसते.